दोन नंबरचा रिमोट

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला यंदा आमच्या नांदेडच्या घरात चार रिमोटचा एक व्हिडिओ गेम आला. तो टीव्हीला जोडायचा, चौघांनी सोफ्यावर दाटीवाटीने बसायचं आणि पडद्यावरच्या आपल्या बाहुल्याने दुसऱ्याच्या बाहुल्याला ढकलत, पाडत, आरडाओरडा करत खेळायचं. घरात चार माणसं जमली की काढायचा हा प्रकार. पोरं तासभर मनापासून किंचाळली. मग त्यातला एकजण म्हणाला, "संपलं की. आता परत तेच येऊन राहिलं." खोकं केवढं मोठं, आणि आत खेळ मूठभर. बाकी सगळं म्हणजे त्याच बाहुल्यांना दुसरे कपडे.

"फसवलं की रे तुम्हाला," मी म्हटलं.

मुलगा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आई, हा जगात किती खपलाय माहितीये का? भंगार असता तर एवढ्या लोकांनी घेतला असता का?"

माझं डोकं फिरायला एवढं पुरतं. हातात केकची सुरी तशीच धरून मी भाषण सुरू केलं. खपणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं, गुटखापण खपतो, मग तो काय पौष्टिक आहे का, वगैरे. पोरं तोंडं पाडून ऐकत होती. कोपऱ्यात चिवड्याची बशी घेऊन माझी आतेबहीण बसली होती. ती हसायला लागली.

"अक्का, बस की आता. ह्याच्या तोंडातनं अण्णा बोलून राहिलाय."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि पोराने म्हटलेलं ते 'भंगार असता तर'चं वाक्य मुळात त्याचं. तिने हे हसत म्हटलं याचंच मला नवल वाटलं. अण्णाच्या त्या वाक्याने आमच्या घरात कुणाला सगळ्यात जास्त दुखावलं असेल तर ते तिलाच. माझं भाषण तिथेच थांबलं. मी सुरी ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

आम्ही मूळचे लातूरचे. भूकंप झाला त्या आठवड्यात ही आमच्याकडे गणपती बघायला आलेली होती. औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव. तिच्या धाकट्या भावालाही यायचं होतं, कपडे भरून तयार होता, पण अंगात ताप म्हणून आत्याने त्याला ठेवून घेतलं. दगडामातीच्या घरात आत्या आणि तो दोघंही गेले. तिचे वडील रानात राखणीला होते म्हणून वाचले. ते पत्र्याच्या वसाहतीत राहिले आणि ही शाळेसाठी आमच्याकडे. पाहुणी म्हणून आलेली पोरगी घरची झाली, पण तिने आणलेली पाहुणपणाची पिशवी पुढे दोन-तीन वर्षं खुंटीला तशीच होती. ती काढायला कुणाचाच हात धजला नाही.

ती रडायची नाही. वेळेवर जेवायची, स्वतःची वेणी स्वतः घालायची, शाळेत जायची. "पोरगी शहाणी आहे," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला तिचं ते शहाणपण बघवत नसे. नऊ-दहा वर्षांच्या पोरीने एकदा तरी ताट भिरकावून द्यावं असं मला वाटायचं.

तेव्हा बाहेरगावी लातूरचं नाव सांगितलं की लोक आवाज खाली आणून विचारत, "तुमच्याकडं कुणी गेलं का?" दोन-तीन वर्षांत तेच लोक विचारायला लागले, "आमच्या पोराला रूम मिळंल का?" मेलेल्यांसाठी ओळखलं गेलेलं गाव बघता बघता मार्कांसाठी ओळखलं जायला लागलं. भोकर, कंधार, उदगीर, कुठकुठून पोरं येऊन पडली. ज्याच्या त्याच्या घरात रूम, खाली मेस, वर अभ्यासिका. गल्लीच्या तोंडाशी क्लासच्या पाट्या एकमेकींवर चढलेल्या. प्रत्येक पाटीवर 'हमखास' हा शब्द. हमखास यश, हमखास प्रवेश. भिंती हलतात हे नुकतंच बघितलेल्या गावात इतकं हमखास काय असू शकतं, हे मला कधी कळलं नाही. पण मी बारावीला होते, माझं कोण ऐकणार.

भूकंपानंतर बाबांनी स्लॅबचं नाव टाकलं होतं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोली उभी राहिली ती त्यामुळेच. कॉलेज सोडलेल्या अण्णाने तिच्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. दोन पोर्टेबल टीव्ही, दोन लाकडी बाकं, आणि बाहेर खडूने लिहिलेली फळी. बसून खेळायचं असेल तर तासावर. वाढदिवसाला घरी न्यायचा असेल तर टीव्हीसकट भाड्याने. शिवाय कॅसेटी विकायला. अण्णा बोलण्यात पटाईत, मेलेल्या म्हशीलाही गाभण म्हणून विकेल असा. रविवारी क्लासची टेस्ट सुटली की पोरांची झुंबड उडायची. आमच्याकडे खेळातल्या आयुष्याला 'जान' म्हणत. तुला तीन जान मिळणार, त्या संपल्या की रिमोट पुढच्याला. दोघांच्या खेळात आपली संपली आणि जोडीदाराकडे उरलेली असली, तर आपल्या रिमोटचं बटण दाबून त्याची घेता यायची. दिवसभर पत्र्याखालून एकच आरडाओरडा ऐकू यायचा, "ए, एक जान दे की! दे की बे एक जान!"

भूकंपाला फार वर्षं झाली नव्हती. सुरुवातीला तो शब्द ऐकला की आई हातातलं काम थांबवायची. पुढे तिलाही सवय झाली.

अण्णाचं सगळ्यात जास्त खपणारं पीक म्हणजे एक पिवळी कॅसेट. तिच्या लेबलवर ठसठशीत लिहिलेलं होतं, '९९९९ इन १'. एका कॅसेटमध्ये एवढे खेळ. ती लावायच्या आधी उघड्या बाजूने जोरात फुंकर मारायची, हा विधी सगळ्या गावाला कुणी शिकवला देव जाणे. मग पडद्यावर यादी यायची, आकडे आणि नावं, पानामागून पान. प्रत्यक्षात खेळ होते सहा. बंदुकवाले दोघे, रणगाडे, उड्या मारणारा टोपीवाला, बदकं, मोटारगाडी आणि विटा रचायचा एक. सातव्या आकड्याला परत बंदुकवाले. नाव दुसरं, सुरुवात जरा पुढून, नाहीतर जान जास्त. असंच खाली खाली, क्रम तेवढा उलटसुलट.

"ही शुद्ध लबाडी आहे," मी अण्णाला म्हणायची.

"अगं, अख्खा जिल्हा घेऊन राहिलाय. भंगार असती तर घेतली असती का? एक माणूस तक्रार घेऊन आला न्हाई आजपर्यंत."

"कुणी मोजत नाही म्हणून."

"मोजायला कोण येतंय? लोक बसायला येतात."

हे त्याचं म्हणणं मला तोडता यायचं नाही. भोकरचा एक पोरगा होता, वैद्यकीयसाठी दुसऱ्यांदा बसलेला. मेसचं जेवण, पाटीवरचं 'हमखास' आणि घरून येणाऱ्या अपेक्षा यांनी वाळून गेलेला. तो दर रविवारी यायचा. मी त्याला एकदा विचारलं, तेच तेच खेळून कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, "ताई, आठवडाभर रूममध्ये कुणी कुणाशी बोलत न्हाई, सगळे पुस्तकात. इथं निदान शिव्या तरी देता येतात." पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शेजारी कुणीतरी दुसरा रिमोट धरून बसलंय, तो हरल्यावर बोंबलतोय, एवढं त्याला पुरत होतं. चार पोरं खांद्याला खांदा लावून बसली की खेळ किडुकमिडुक असला तरी रविवार भरून निघायचा. हे मी बघत होते, म्हणून नाइलाजाने गप्प बसायची.

मग माझी आतेबहीण दुकानात जायला लागली. दुपारी शाळा सुटल्यावर, पोरं क्लासला गेलेली असताना, दुकान रिकामं असायचं. अण्णानेच तिला बोलावलं होतं. तिचा जीव जरा रमावा एवढाच त्याचा हेतू, त्याच्या मनात काळं काहीच नव्हतं. ती आली, फुंकर मारली, यादी उघडली आणि बंदुकवाल्यांच्या खेळात दोघांचा पर्याय निवडला. पहिला रिमोट हातात घेतला. दुसरा शेजारी बाकावर ठेवला, वायर नीट गुंडाळून.

मला वाटलं, चुकून निवडला असेल. पण ती रोज तोच निवडायची.

पडद्यावर दोन माणसं उभी राहायची. एक तिचा. दुसऱ्याचा रिमोट कुणाच्याच हातात नाही, म्हणून तो नुसता उभा. आपला माणूस पुढे गेला की पडदा सरकायचा आणि मागचा ओढला जाऊन मरायचा. म्हणून ती पुढे जायचीच नाही. आहे तिथेच थांबून, चारी बाजूंनी येणाऱ्यांना टिपत, ती त्या उभ्या माणसाला सांभाळायची. तरी कुठून तरी एखादी गोळी त्याला लागायचीच. तो आडवा व्हायचा, पुन्हा उभा राहायचा. त्याच्या जान संपल्या की ती डाव्या हाताने दुसऱ्या रिमोटचं बटण दाबायची आणि स्वतःची एक जान त्याला द्यायची. मग आणखी एक. अशा करत करत तिच्याही संपायच्या. दोघांचा खेळ संपला की ती पेनाने तळहातावर त्या खेळाचा आकडा लिहायची आणि यादीतल्या पुढच्या बंदुकवाल्यांवर जायची.

भोकरचा तो पोरगा एकदा दुपारी क्लास चुकवून आला. "एकटी कशाला? आण इकडं दुसरा," म्हणून त्याने रिमोटला हात घातला. तिने त्याच्या हातावर फटकन चापट मारली. तिने कुणावर हात उगारलेला मी पहिल्यांदाच बघत होते. पोरगा बिचारा ओशाळला. "बरं बरं, हाय का कुणाचा? ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवसापासून दुकानात कुणी त्या रिमोटला हात लावला नाही. कुणी काही विचारलंही नाही. लातूरमध्ये त्या दिवसांत न विचारण्याची रीत पडून गेली होती.

मी मात्र विचारलं. तिला शाळेतून घेऊन येताना तळहातावरचा कालचा निळा आकडा बघून म्हटलं, "हे काय चाललंय तुझं?"

ती चालता चालता म्हणाली, "पहिल्या खेळात तीनच जान व्हत्या. पुढच्यात सा व्हत्या. त्याच्या पुढच्यात लई जास्त, दोन आकडी." तळहात पुढे करत ती म्हणाली, "वाढत जातंय, अक्का. म्हणजी कुठंतरी असा खेळ असंल, ज्यात दुसऱ्याची जान जातच न्हाई."

 रस्त्यात रडायचं नाही म्हणून मी मोठ्याने बोलले. "अगं, सहाच खेळ आहेत त्यात. बाकी सगळे तेच ते. लेबल खोटं आहे."

"तू समदे बघितलेस का?"

मी बघितले नव्हते. कुणीच बघितले नव्हते. ज्याने ती बनवली त्याने, ज्याने विकली त्याने, ज्यांनी ज्यांनी आनंदाने घरी नेली त्यांनी, एकानेही यादीच्या तळापर्यंत जाऊन बघितलं नव्हतं. इतक्या लोकांनी घेतली आहे म्हणजे कुणीतरी बघितलं असेलच, असं ज्याला त्याला वाटत होतं.

"मग," ती म्हणाली, "इतके हजार हायत. एक तरी असंल की."

त्या संध्याकाळी मी अण्णाशी भांडले. नुसती बाचाबाची नाही, आई मध्ये पडेपर्यंत. म्हटलं, तुझ्या खपाचं कौतुक गाठोड्यात बांध. भोकरच्या पोराला खेळ पातळ असला तरी चालतो, कारण त्याच्या शेजारी माणूस आहे. जिच्या शेजारी कुणी नाही, तिला फक्त आत जे आहे तेवढंच मिळतं. आणि आत काही नाही. तू तिला सांग.

अण्णाला आधी कळेचना. मी सगळं सांगितल्यावर तो पायरीवर बसला. तो कधी बसून ऐकणाऱ्यातला नव्हता. "मी कसं सांगू?" म्हणाला. "सांगितलं तर काय उरंल तिला? बघू दे की. आपोआप थकंल."

ती थकली नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, लाइट जात-येत राहिली तरी तिचं चालूच होतं. शाळा, जेवण, वेणी आणि रोज दुपारी यादी. अण्णा तिच्यासाठी ती वेळ मोकळी ठेवायला लागला. गिऱ्हाईक आलं तर "मशीन बिघडलंय" म्हणायचा. विकणारा माणूस आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो, हे त्याच्या जातकुळीत बसणारं नव्हतं. मला त्याचं तेवढं वागणं आवडलं, पण माझा त्याच्यावरचा राग गेला नाही. पिवळ्या कॅसेटी खपतच होत्या. समोरच्या काचेत त्यांची रास कमी झाली की नवी यायची.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी पाणी द्यायला म्हणून दुकानात गेले, तर अण्णा दारात उभा होता आणि आत जात नव्हता. त्याने मला नुसतं खुणेने थांबवलं. पडद्यावर यादीचं शेवटचं पान होतं. शेवटचा आकडा, लेबलवरचा तोच. तिने पाठ सरळ केली, फ्रॉकला हात पुसले आणि बटण दाबलं.

बंदुकवाले दोघे आले. वरच्या कोपऱ्यात जान, दोघांनाही तीन-तीन. अगदी पहिल्या खेळात होत्या तेवढ्याच.

ती खेळली. रोजच्यासारखीच, एका जागी थांबून. दुसरा पडला, उठला, पडला. तिने आपल्यातली एक त्याला दिली, मग आणखी एक. त्याही गेल्या. मग तिच्याकडे शेवटची उरली. तिने दुसऱ्या रिमोटवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. पडद्यावर तिचा माणूस एकटाच उभा होता. मग तिने बोट उचललं, मशीन बंद केलं, दोन्ही रिमोटच्या वायरी गुंडाळल्या आणि मागे वळली.

"अण्णा, न्हाई त्यात."

अण्णाच्या तोंडाला सवय होती. कुणीही काहीही मागितलं तरी नाही म्हणायचं नाही, ही. तो पटकन बोलून गेला, "अगं, आता ह्याच्यापेक्षा मोठी कॅसेट आली हाय. लाखवाली. तिच्यात असंल बघ—"

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं लहान पोर उगाच खोटं बोलतंय हे मोठ्या माणसाला कळावं, तसं. अण्णाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"तुला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

मग ती घरात गेली, खुंटीवरची पिशवी काढली आणि स्वयंपाकघरात आईपुढे ओतली. दोन फ्रॉक, एक रिबीन आणि एक छोटा सदरा. तिच्या भावाचा. तो निघायच्या तयारीत होता तेव्हा आत्याने दोघांचे कपडे एकाच पिशवीत भरले होते, आणि ताप आला तेव्हा त्याचा सदरा काढायचा राहून गेला होता. इतके दिवस हे फक्त तिलाच ठाऊक होतं. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. किती तरी वेळ. आईने तिला मांडीवर घेतलं आणि "रड, बाई, रड" एवढंच म्हणत राहिली. बाहेर पायरीवर अण्णा तोंड झाकून बसला होता. माझा राग गेला नव्हता. त्याच्या जवळ बसले मात्र.

दुसऱ्या दिवशी काचेवर एक पुठ्ठा लागला. अण्णाच्या गिचमिड अक्षरात: 'खेळ सहाच. बाकी तेच ते.' रविवारची पोरं तो वाचून खो खो हसली आणि आत येऊन बसली, नेहमीसारखी. त्यांचं काहीच बिघडलं नाही. पण कॅसेटी विकत नेणारे पुठ्ठा वाचून पलीकडच्या दुकानात जायला लागले, जिथे लेबलवरचा आकडा आणखी मोठा होता. अण्णा रोज त्या पुठ्ठ्याकडे बघून चरफडायचा. पण काढला नाही, दुकान कायमचं बंद होईपर्यंत.

"एक कळलं मला," तो एकदा म्हणाला. "इथं बसायला येणाऱ्याला आकडा लागत न्हाई. घरी एकट्याला खेळायला नेणाऱ्याला लागतो." माझ्या भावाच्या तोंडून निघालेलं याहून खरं वाक्य मी ऐकलेलं नाही.

ती पुढे शिकली, त्याच क्लासांच्या गर्दीतून. आता नांदेडला एका कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण प्रवेशाच्या दिवसांत मालक तिला चौकशीच्या टेबलावर बसू देत नाहीत. आईबापांनी विचारलं की ती काय होईल ते सांगते आणि काय होणार नाही तेही. मी तिला यावरून चिडवते. ती मनावर घेत नाही. व्हिडिओ गेमला तिने त्या दुपारनंतर कधीच हात लावला नव्हता.

तर यंदाच्या वाढदिवसाला माझं भाषण मोडून ती हसली, आणि मी शेजारी जाऊन बसले. तिने माझ्या मुलाला हाक मारली.

"ते खोकं आण बरं. काय लिहिलंय त्याच्यावर?"

त्याने वाचलं. "बारा खेळ."

"हायत का बारा?"

"आहेत, मावशी. पण बारीक बारीक आहेत."

"खेळलास का सगळे? मोजून?"

"हो. मोजून."

तिने खोकं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग ह्यानं फसवलं न्हाई, अक्का. थोडं हाय, पण थोडंच हाय म्हणून सांगितलंय." आणि मुलाला म्हणाली, "पण किती खपलं ते मला सांगू नको, बाळा. खपलेलं लई बघितलंय मी."

मला अजून बरंच बोलायचं होतं. खरं सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली का, पोकळ वस्तू प्रामाणिकपणे विकली तरी पोकळच ना, असं बरंच. ते माझ्या मनात आजही आहे. पण तेवढ्यात पोरांतला एक घरी निघाला आणि चौथा रिमोट मोकळा झाला. तो सोफ्यावर पडून होता. पडद्यावर चौथा बाहुला नुसता उभा.

मी तिच्याकडे बघितलं. तिची नजर त्या बाहुल्यावर होती.  मी रिमोट उचलून बाजूला ठेवणार, तोच ती उठली, पोरांच्या मध्ये जाऊन बसली आणि तिनेच तो उचलला.

तिला खेळता येत नव्हतं. पोरं तिला हसत होती, बटणं दाखवत होती, ती चुकीची दाबत होती. पण एका जागी थांबून तग धरणं तिला अजून जमत होतं. बघता बघता बाकीच्यांच्या जान संपत आल्या आणि हिच्याकडे उरल्या. माझा मुलगा खड्ड्यात पडला. त्याची शेवटची गेली. तो तिच्या दंडाला धरून गदागदा हलवायला लागला.

"मावशी, एक जान दे ना! दे ना गं एक जान!"

तिचा हात थांबला.  इतक्या वर्षांत तिच्याकडे ती मागणारं कुणी नव्हतं. तिने न मागता दिली होती, पुन्हा पुन्हा, घेणारा नव्हता तरी.

"घे," ती म्हणाली. "आता मागितलीस, घे."